पानाचा फोटो अंधुक का येतो?

पिकावर रोग दिसला की मोबाईलवर पानाचा फोटो काढून कृषी अधिकाऱ्याकडे पाठवावा, ही रीत आता आपल्या धर्मग्रामात रुळली आहे. रीत चांगली, पण मिस्सेनंतर आम्हाला दाखवले जाणारे कित्येक फोटो इतके अंधुक असतात की काहीच कळू नये. मिरचीचेच पाहा. फुलकिड्यांनी पान वरच्या बाजूस वळते, कोळ्याने खालच्या बाजूस. कोळ्यावर साधे कीटकनाशक बहुधा चालत नाही. फोटोत वळण दिसले नाही तर औषध चुकते व पैसा जातो.

दोष कोठे आहे ते पुष्कळदा फोटोच सांगतो. सगळाच फोटो धुरकट असेल आणि उजेडाभोवती वलय दिसत असेल, तर कॅमेऱ्याच्या काचेवर घाम किंवा तेल बसले आहे. आधी फुंकर घालून धूळ उडवावी, मग मऊ सुती कापडाने पुसावे. धुळीसकट घासल्यास चरे पडतात. फवारणी करून आल्यावर मात्र साबणाने हात धुतल्याशिवाय मोबाईल घेऊच नये. तोच पुढे गालाला लागतो आणि लेकरांच्या हाती जातो.

पान अंधुक पण मागची माती स्पष्ट, हा प्रकार सर्वांत जास्त. आपण हौसेने फार जवळ जातो. साध्या मोबाईलला अगदी जवळचे नीट दिसत नाही. वीतभर अंतर ठेवावे, पडद्यावर पानाच्या जागी बोट टेकवावे, क्षणभर थांबून फोटो घ्यावा. पानामागे वही धरली तर आणखी बरे. लहान दिसले तरी चालेल, नंतर कापून मोठे करता येते.

कडा ओढल्यासारख्या किंवा दुहेरी दिसल्या तर हात तरी हलला किंवा वाऱ्याने पान. तिन्हीसांजेला हे हमखास होते, कारण उजेड कमी म्हणून कॅमेरा जास्त वेळ प्रकाश घेत राहतो. सकाळी काढावा, कोपरे बरगड्यांना टेकवावीत, देठ दुसऱ्याने धरावा.

आपल्याकडे स्पष्ट आणि पलीकडे अंधुक, असे झाल्यास फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. एरवी तो दाबून लहान केला जातो.

मोटारसायकलच्या हँडलला मोबाईल अडकवणाऱ्या तरुणांसाठी एक गोष्ट. इंजिनच्या कंपनाने कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ साली आपल्या आयफोनबाबत दिला होता. मोबाईल खिशात ठेवलेला बरा.

फोटो तीन पाठवावेत: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू आणि पानाची पाठ. पाठीच्या फोटोत शेजारी १ रुपयाचे नाणे ठेवावे, म्हणजे किडीचा आकार कळतो.