नगरपालिकाच दुधात पाणी घालते?

प्रश्न : इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्सच्या नगरपालिकेनं १८९९ साली तान्ह्या मुलांसाठी दूधकेंद्र काढलं आणि दुधात पाणी घालून विकलं, असं वाचलं. भेसळ पकडायची तिनंच पाणी घालायचं?

उत्तर : शंका रास्त आहे. मात्र गवळी पाणी घालतो ते माप वाढवायला. इथे घालत ते बाळाला दूध पचावं म्हणून. गाईच्या दुधात प्रथिनं आईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट असतात आणि तान्ह्याला ती जड जातात. पाणी घातलं की ती बेताची होतात; पण स्निग्धांश आणि साखरही उतरते. ती तूट भरायला वरून साय आणि साखर घालत. भेसळ करणारा एवढी तसदी कशाला घेईल?

खरी भीती जंतूंची होती. त्या काळी इंग्लंडमध्ये हजारातली सुमारे १६० मुलं वर्षाच्या आत दगावत आणि उन्हाळ्यात जुलाबांचा कहर होई. दूध उघड्या भांड्यांतून येई, त्यावर माश्या बसत. शिवाय लांब रबरी नळीच्या बाटल्यांची चलती होती. बाळ पडल्या पडल्या चोखे, आईचे हात मोकळे राहत. पण नळी आतून घासता येत नसे आणि नासकं दूध तिथेच चिकटून राही. म्हणून केंद्रात एका वेळेपुरतं दूध एकेका बाटलीत भरून, तापवून निर्जंतुक करत. आई दिवसाच्या बाटल्या टोपलीतून नेई आणि रिकाम्या परत आणे. पाजायच्या वेळी बाटली उघडून थेट बोंडी लावायची, की झालं.

हे दूध फुकट वाटत, हा गैरसमज आहे. त्याला पैसे पडत. तोटा आला तर तो करदात्यांवर. कल्पनाही इंग्रजांची नव्हे. फ्रान्समध्ये फेकाँ इथे डॉ. लिओं द्युफूर यांनी १८९४ सालीच असं केंद्र काढलं होतं. आईचं दूध सोडवणं हा हेतू नव्हता, तरी तसं होईल अशी टीका झालीच.

गुण किती आला, यावर तेव्हाच वाद होता. रोज केंद्रापर्यंत येणारी आई मुळातच दक्ष, मग श्रेय दुधाचं की तिचं? पुढे पालिकांनी आयांना घरी जाऊन सल्ला देण्यावर भर दिला.

वाचून घरी प्रयोग मात्र करू नका. पहिले सहा महिने आईचंच दूध द्यावं. ते शक्य नसेल तर वरचं दूध डॉक्टरांना विचारूनच.