ओनसेनचा प्रवास आखताना

‘ओनसेन’ या जपानी शब्दाने भूगर्भातून वर येणारे ऊन पाणी, त्या पाण्याचे स्नानगृह आणि त्याभोवती वसलेले गाव या तिन्ही गोष्टींचा बोध होतो, तर साधे पाणी तापवून चालणाऱ्या शहरी सार्वजनिक स्नानगृहाला सामान्यतः ‘सेन्तो’ म्हणतात. १९४८ च्या ओनसेन कायद्याप्रमाणे उगमापाशी किमान २५ अंश सेल्सिअस तापमान असलेले, अथवा कायद्याने नेमून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा ठरावीक प्रमाणात असलेले पाणी ओनसेन ठरते. म्हणजेच ओनसेन म्हणवणारे प्रत्येक पाणी मुळात कढत असतेच असे नाही, आणि अनेक ठिकाणी ते तापवून, त्यात साधे पाणी मिसळून किंवा गाळून पुन्हापुन्हा फिरवून वापरले जाते. याउलट, उगमाचे पाणी हौदात अखंड सोडून काठावरून वाहून जाऊ देण्याच्या पद्धतीस ‘गेन्सेन काकेनागाशी’ असे नाव आहे. पाण्यावर यांपैकी कोणती प्रक्रिया केली आहे हे फलकावर लिहिणे २००५ पासून बंधनकारक झालेले असल्यामुळे गावाची निवड सुंदर छायाचित्रांवरून न करता पाण्याच्या माहितीवरून करणे शक्य आहे, आणि तसेच करावे.

आखणी बिघडते ती बहुधा गावांच्या संख्येमुळे. प्रस्तुत लेखिकेने आपल्या पहिल्या प्रवासात सात दिवसांत पाच गावे बसवली होती, आणि नकाशावर नेटकी दिसणारी ती रांग प्रत्यक्षात केवळ आगगाड्या, बसगाड्या आणि बॅगा यांतच सरली. तीन गावांत स्नान जेमतेम एकदा झाले, इतर वेळी दिवसाला चार-चार डुबक्या घेऊन ते भरून काढण्याचा प्रयत्न झाला, आणि चौथ्या दिवशी डोके जड होऊन, भूक मरून, अंग गळून गेले. मराठीत पाणी बाधले असे म्हणतात, तीच ही अवस्था असून जपानी लोक तिला ‘यु-आतारी’ म्हणतात. रोगनिवारणासाठी ओनसेनवर राहण्याच्या ‘तोजी’ या जुन्या प्रथेत एकाच गावी सात दिवसांचे एक आवर्तन मानले जाई, आणि पहिल्या दिवसांत स्नाने कमी ठेवून ती हळूहळू वाढवली जात. आजच्या प्रवाशाला सात दिवस एके ठिकाणी राहणे परवडणार नाही, परंतु एका गावी किमान दोन रात्री आणि आठवड्यात दोन, फार तर तीन गावे, ही मर्यादा पाळल्यास पाणी अंगी लागते. पहिल्या दिवशी एक-दोन स्नाने पुरेत; त्यापुढेही दिवसाला तिनाहून अधिक घेऊ नयेत.

गावातली पारंपरिक निवासव्यवस्था म्हणजे ‘र्योकान’. तातामीच्या, म्हणजे विणलेल्या गवती चटयांच्या खोल्या, रात्री जमिनीवर घातले जाणारे अंथरूण आणि ‘एक रात्र, दोन जेवणे’ या हिशोबाने माणशी आकारला जाणारा दर ही तिची सर्वसाधारण लक्षणे होत. येथे रात्रीचे जेवण हा हॉटेलातला ऐच्छिक भाग नसतो. ते ठरल्या वेळी, बहुधा सहा-सातच्या सुमारास, एकामागून एक पदार्थांनी वाढले जाते. लेखिका ज्या एका र्योकानमध्ये जोडगाडी चुकल्यामुळे साडेआठला पोहोचली, तेथे स्वयंपाकघर बंद झाले होते आणि गावातली दुकानेही. पैसे भरलेले जेवण गेले, आणि रिकाम्या पोटी ऊन पाण्यात उतरणे धोक्याचे असल्यामुळे त्या रात्रीचे स्नानही गेले. म्हणून खोली मिळण्याची वेळ तीनची असेल तर चारपर्यंत पोहोचावे, पहिले स्नान जेवणापूर्वी आटोपावे, आणि मोठ्या बॅगा ‘ताक्क्यूबिन’ या घरपोच सामानसेवेने आदल्या दिवशीच पुढच्या मुक्कामी धाडाव्यात. शाकाहारी प्रवाशाने हेही ध्यानात घ्यावे की जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला ‘दाशी’ हा रस्सा बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशापासून बनतो, त्यामुळे भाजीच्या वाटीतही मासा असतो. ही गोष्ट आरक्षणाच्या वेळीच लेखी, आणि ‘दाशी’ हा शब्द वापरून कळवावी लागते, कारण आयत्या वेळी काही करणे स्वयंपाक्याच्या हाती उरत नाही.

वज्रेश्वरी, अकलोली किंवा तुरळ येथील कुंडांत वस्त्रानिशी उतरण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला सर्वांत अवघड जाते ते ओनसेनमधील विवस्त्र स्नान. स्त्रियांचे व पुरुषांचे हौद बहुधा वेगळे असतात, परंतु काही ठिकाणी सकाळ-संध्याकाळ त्यांची अदलाबदल होते, म्हणून आदल्या रात्रीचे दार लक्षात न ठेवता दारावरचा ‘नोरेन’ हा पडदा आणि त्यावरचे अक्षर (स्त्रियांसाठी ‘女’, पुरुषांसाठी ‘男’) प्रत्येक वेळी पाहावे. हौद अंग धुण्यासाठी नसतो: बाहेर छोट्या चौरंगावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे, साबण पूर्ण निथळू द्यावा, केस वर बांधावेत, आणि हातातला छोटा पंचा पाण्यात बुडू देऊ नये. ज्यांना हा संकोच जड वाटतो किंवा अंगावर गोंदण असल्यामुळे प्रवेश नाकारला जाण्याची शक्यता आहे, त्यांच्यासाठी ‘काशिकिरी’, म्हणजे तासाच्या हिशोबाने मिळणारा खासगी हौद, हा उत्तम मार्ग आहे; आईवडिलांसह जाणाऱ्यांनी तर तो आधीच राखून ठेवावा. पाणी सामान्यतः ४० ते ४२ अंशांचे असते, तेव्हा एका वेळी दहा मिनिटांहून अधिक बसू नये, मद्य घेऊन उतरू नये, आणि हृदयविकार वा अनियंत्रित रक्तदाब असल्यास निघण्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

सार्वजनिक स्नानगृहांच्या सुटीचे वार हीदेखील दुर्लक्षित बाब आहे. ह्योगो प्रांतातील किनोसाकी या गावात, जे १९२५ च्या भूकंपानंतर पुन्हा उभे राहिले, सात सार्वजनिक स्नानगृहे असून पाहुणे ‘युकाता’ हा सुती अंगरखा नेसून, ‘गेता’ या लाकडी खडावा वाजवत, विलोच्या झाडांखालून एकातून दुसऱ्यात जातात. पण त्यांचे बंद असण्याचे वार वेगवेगळे असल्यामुळे एकाच दिवसात सातही करण्याचा बेत सहसा फसतो. हिवाळ्यात खेकड्यांच्या हंगामात तेथील दर चढतात, हेही ध्यानात ठेवावे.

मात्र गावांचा क्रम ठरवताना खरा निकष पाण्याचा स्वभाव हाच असावा, आणि हे गुन्मा प्रांतातील कुसात्सू येथे सर्वांत स्पष्टपणे कळते. गावाच्या मध्यभागी ‘युबाताके’ नावाच्या लाकडी पन्हाळ्यांच्या रांगांतून वाफाळते पाणी वाहत असते. ते इतके आम्ल आहे की त्याचा सामू दोनच्या आसपास भरतो. ते गार करण्यासाठी साधे पाणी न मिसळता लांब फळ्यांनी घुसळण्याची ‘युमोमी’ ही रीत तेथे रूढ झाली, कारण मिसळले तर त्याचा गुण पातळ होतो. लेखिकेने पहिल्या खेपेस पायातली चांदीची जोडवी न काढताच त्या पाण्यात पाय टाकले, आणि गंधकामुळे ती काही मिनिटांत तांबूस व मग काळी पडली. लग्नात घातलेली ती जोडवी पुढे चिंच लावून घासल्यावरही पहिल्यासारखी उजळली नाहीत. चांदीचे सर्व अलंकार म्हणूनच खोलीतच ठेवावेत, आणि त्वचा नाजूक असल्यास अशा पाण्यातून बाहेर येताच साध्या पाण्याने अंग धुवावे. ही काळजी न घेतल्यामुळे तिच्या कोपरांच्या आतल्या घड्या लाल होऊन झोंबू लागल्या, आणि तशाच अवस्थेत ती पुढच्या तीव्र गंधकी पाण्याच्या गावी गेली.

कुसात्सूजवळच्या सावातारी या लहानशा गावाला ‘नाओरी-यु’, म्हणजे आधीच्या पाण्याचा दाह शमवणारे पाणी, अशी जुनी ख्याती आहे. कुसात्सूची आम्ल स्नाने आटोपून परतणारे लोक तेथे थांबत. दुसऱ्या प्रवासात लेखिकेने हाच क्रम धरला: कुसात्सूला दोन रात्री, मग नागानोहारा-कुसात्सुगुची स्थानकावरून त्याच लोहमार्गावरील नाकानोजो, आणि तेथून बसने सावातारी. तेथील पाणी मऊ, हाताला बुळबुळीत नव्हे पण रेशमी लागणारे होते. कुसात्सूत पुन्हा उठलेली कोपरांची आग पहिल्या संध्याकाळी निवाली, आणि दुसऱ्या दिवशी कुठेही जायचे नसल्यामुळे दुपारभर खिडकीशी बसून राहता आले.