फ्यूज वायरला वाचवतो, माणसाला नाही

थंडी सुरू झाली की आपल्या चाकण परिसरात पहाटे पाचपासून भाड्याच्या खोल्यांतून पाणी तापवायचे रॉड लागतात. पहिल्या पाळीची मंडळी घाईत असतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका खोलीतली दोन मुले सकाळी माझ्याकडे आली. त्यांपैकी एक शॉक बसून न्हाणीघरात पडला होता. सुदैवाने झटक्यासरशी हात बाहेर फेकला गेला, म्हणून निभावले. ईसीजी काढला, तो ठीक होता. मग दुसऱ्याने विचारले, "डॉक्टर, त्याच्या आधी मीही त्याच बादलीत बोट घातलं होतं. मला नुसत्या मुंग्या आल्या. वीज तर एकच, मग ह्याला एवढा जोराचा कसा बसला?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आणि विसरलो. जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने 1827 मध्ये मांडलेला तो नियम असा: विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज, त्याला वाटेतल्या रोधाने भागले की प्रवाह म्हणजे करंट मिळतो. दाब व्होल्टमध्ये, रोध ओहममध्ये आणि प्रवाह अँपियरमध्ये मोजतात.

आपल्या घरात दाब साधारण 230 व्होल्ट असतो. पहिल्या मुलाच्या पायात कोरडी रबरी चप्पल होती. त्याच्या वाटेतला एकूण रोध एक लाख ओहम धरू. 230 भागिले 1,00,000 म्हणजे 0.0023 अँपियर, अर्थात सुमारे 2 मिलिअँपियर. एवढ्याने मुंग्या येतात. दुसरा अंघोळीला बसलेला, अंग ओले, पाय ओल्या फरशीवर. ओल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. 230 भागिले 1,000 म्हणजे 0.23 अँपियर, अर्थात 230 मिलिअँपियर. दाब तोच, पण प्रवाह शंभरपट!

शरीराच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ काय? साधारण 1 मिलिअँपियरला झिणझिण्या जाणवतात. 10 च्या पुढे स्नायू आखडतात, हातातली वस्तू सोडता येत नाही. यालाच आपण "करंटला चिकटला" म्हणतो. 50 ते 100 मिलिअँपियर छातीतून सेकंदभर गेले, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते नुसते थरथरत राहते, रक्त पुढे ढकलले जात नाही. म्हणून प्रवाह किती, याइतकेच तो किती वेळ वाहिला, हेही महत्त्वाचे.

आता माझा खरा मुद्दा. त्या मुलांनी सांगितले, "डॉक्टर, खोलीत एमसीबी आहे, तो पडला कसा नाही?" चला, हिशेब करू. रॉड 1500 वॅटचा. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. म्हणून 1500 भागिले 230, म्हणजे सुमारे 6.5 अँपियर रॉड घेतो. 230 ला 6.5 ने भागले की रॉडचा रोध निघतो, साधारण 35 ओहम. खोलीचा एमसीबी होता 16 अँपियरचा. रॉडचे 6.5 आणि माणसाच्या अंगातून गेलेले 0.23 मिळून सात अँपियरसुद्धा होत नाहीत. एमसीबीच्या हिशेबी काहीच बिघडलेले नाही! फ्यूज आणि एमसीबी वायर जळू नये म्हणून असतात. माणूस मरायला लागणारा प्रवाह त्यांच्या खिजगणतीतही नसतो.

माणसासाठी वेगळे उपकरण लागते, त्याचे नाव आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला प्रवाह ते सतत ताडून पाहते. 30 मिलिअँपियरचे आरसीसीबी एवढी तफावत दिसताच सेकंदाच्या अंशात वीज तोडते. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर तफावतच पडत नाही, तेव्हा तेही वाचवू शकत नाही. ते जाणकार वायरमनकडून बसवून घ्यावे, त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. अर्थिंगही तपासून घ्यावे.

रॉड वापरायचाच असेल तर प्लास्टिकची बादली घ्या. रॉड पाण्यात सोडल्यावरच बटण दाबा. बटण बंद करून, पिन काढूनच पाण्याला हात लावा. तडे गेलेला रॉड फेकून द्या. बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावू नका. वायर तापून आग लागते.

कोणाला शॉक बसलाच तर आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करा. उघड्या हाताने ओढू नका, नाहीतर एकाचे दोन होतात. हाक मारून उत्तर नाही आणि श्वास नीट चालत नसेल, तर तळवे चोळत बसू नका. 108 ला फोन लावायला सांगा आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. जोराचा शॉक बसलेला माणूस उठून चालू लागला तरी ईसीजी काढून घ्यावा. कातडीवरचा डाग लहान दिसतो, आतली इजा मोठी असू शकते.

खोल्या भाड्याने देणाऱ्या बंधूंना एवढीच विनंती की, आरसीसीबीला लागतात ते एखाद्या महिन्याच्या भाड्यातले थोडे पैसे. तेवढे या थंडीपूर्वी खर्च करावेत.