नोटीस लागली की आधी खोली मोजून घ्या

मार्च २०१४ मध्ये वाकोल्याच्या यशवंतनगरातली शंकरलोक इमारत कोसळली आणि सात माणसं गेली. इमारत धोकादायक ठरलेली होती, तरी पाडली गेली नव्हती. ती आली शेजारच्या घरांवर. त्या इमारतीशी ज्यांचा भाडेपावतीचाही संबंध नव्हता, त्यांच्या घरांत तिचा मलबा घुसला. आजही वाकोल्यात एखाद्या जुन्या इमारतीवर पालिकेचा कागद चिकटला की टपरीवर, देवळाच्या ओट्यावर शंकरलोकचं नाव निघतं. नाव निघतं, पण घर कुणी सोडत नाही.

त्यामागे हट्ट नाही, भीती आहे. पागडीच्या खोलीत आजोबांपासून राहणाऱ्या कुटुंबाकडे मालकीचा कागद नसतो. असतात त्या भाडेपावत्या, जुनं रेशनकार्ड आणि विजेची बिलं. एकदा खोली रिकामी केली, इमारत जमीनदोस्त झाली, की आपण इथे राहत होतो हे कुणाला दाखवायचं? तात्पुरत्या संक्रमण शिबिरात केस पिकलेली माणसं या शहराने पाहिली आहेत. म्हणून लोक पोपडे निघालेल्या छताखाली झोपतात आणि पावसाळा गेला की सुटकेचा श्वास टाकतात. ही भीती रास्त आहे. पण तिच्यावर इलाज आहे, आणि तो इमारत उभी असतानाच करावा लागतो.

उपनगरात पहिला घोटाळा म्हाडाच्या नावाने होतो. गिरगावात, परळला किंवा डोंगरीत म्हाडाचं दुरुस्ती मंडळ जुन्या इमारतींची कामं करतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण ते मंडळ उपकरप्राप्त इमारतींसाठी आहे, आणि त्या इमारती शहरात, म्हणजे माहीम आणि शीवपर्यंतच आहेत. वांद्र्यापासून पुढे ही सोयच नाही. वाकोल्यातली इमारत कितीही जुनी असो, ती दुरुस्त करणं मालकाचं किंवा सोसायटीचं काम, आणि त्यांनी ते केलं की नाही हे पाहणं महापालिकेचं. आपल्याकडचं दार म्हणजे प्रभात कॉलनीतलं एच-पूर्व विभागाचं कार्यालय आणि तिथला इमारत व कारखाने विभाग. म्हाडाच्या वांद्र्याच्या कचेरीत हेलपाटे घालण्यात महिने घालवलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

कायदा काय म्हणतो ते मुळात सोपं आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा. त्यात नंतर घातलेल्या कलम ३५३-ब प्रमाणे इमारतीला तीस वर्षं झाली की पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून ती राहण्यालायक असल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि पुढे दर दहा वर्षांनी पुन्हा. ही जबाबदारी मालकाची किंवा राहणाऱ्याची. ‘किंवा राहणाऱ्याची’ हे शब्द भाडेकरूंनी नीट वाचावेत. मालक हलत नसेल तर ऑडिट करून घेण्याचा रस्ता त्यांनाही मोकळा आहे.

ऑडिटनंतर इमारत चारपैकी एका वर्गात बसते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग किंवा सगळी इमारत रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना सांगाड्याची दुरुस्ती. सी-३ला किरकोळ डागडुजी पुरते. सी-१ ठरलं की कलम ३५४ची नोटीस लागते. लोक तरीही हलले नाहीत तर वीज आणि पाणी तोडलं जातं आणि पोलीस बोलावले जातात.

आमच्या इमारतीत ते कसं घडलं ते सांगतो. नेहरू रोडच्या आतल्या गल्लीतली ही पागडीची जुनी इमारत. दुसऱ्या मजल्याच्या सामायिक गॅलरीत, नळाच्या बाजूच्या खांबाला उभी चीर गेली होती. चिरेवर दोन-तीनदा सिमेंट फासलं गेलं, रंगही झाला, पण पावसाळा आला की चीर त्याच जागी उघडायची. शेवटी एक तरुण इंजिनीअर आला. त्याने चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने बसवली आणि बाजूला पेन्सिलने तारीख लिहिली. पट्टी अखंड राहिली तर चीर जुनी, निजलेली. तडकली तर खांब अजून हलतोय. गणपतीच्या आत पट्टी मधोमध तडकली. त्याने हातोडीने प्लास्टर उडवलं तेव्हा आतली सळी पापुद्र्यापापुद्र्यांनी हातात आली. लोखंड गंजतं तेव्हा ते फुगतं आणि कितीतरी जास्त जागा मागतं, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. वरून लावलेलं सिमेंट फक्त ते झाकतं. चाळीस वर्षं त्या खांबाला टेकून गप्पा मारलेली माणसं त्या दिवशी त्याच्यापासून दोन पावलं लांब उभी होती.

मालकाच्या ऑडिटात सी-१ आलं. मालकाला इमारत पाडूनच हवी आहे, अशी कुजबुज लगेच सुरू झाली. भाडेकरूंनी वर्गणी काढून दुसरं ऑडिट केलं, ते आलं सी-२बी. असे दोन उलट अहवाल आले की पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती, म्हणजे बोलण्यातली टॅक, निर्णय देते. हा हक्क महत्त्वाचा आहे. पण तो घर वाचवण्यासाठी वापरायचा की वेळ काढण्यासाठी, हे स्वतःला विचारायला हवं. जून २०२२ मध्ये कुर्ला पूर्वेच्या नाईकनगरमधली इमारत पडली, १९ माणसं गेली. पालिकेच्या नोटिसा तिला आधीच लागलेल्या होत्या, पण नंतरच्या ऑडिटात ती दुरुस्त होण्याजोगी ठरली आणि लोक राहत राहिले. आपल्याला हवा तोच वर्ग लिहून देणारा इंजिनीअर सापडतो. म्हणून अहवालाच्या शेवटच्या पानावर थांबू नये. कोणत्या चाचण्या केल्या ते पाहावं. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, गंज मोजणारी हाफ-सेल, कार्बोनेशन, आणि खांबातून काढलेल्या कोअरची ताकद. कोणत्या खांबावर, कोणत्या मजल्यावर, काय आकडा आला? नुसते फोटो लावून आलेला अहवाल ज्याच्या बाजूने असेल त्याच्याही कामाचा नाही.

आमच्याकडे टॅकचा निर्णय सी-१च्या बाजूने गेला. तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने सगळ्यांना जिन्यात थांबवून सांगितलं, “भांडू नका. आधी खोल्या मोजून घ्या.”

त्या शब्दांना आधार होता. धोकादायक इमारती रिकाम्या करण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. त्यांत पाडकामाआधी भाडेकरूंची आणि रहिवाशांची यादी करणं व प्रत्येकाच्या ताब्यातलं चटईक्षेत्र नोंदवणं हे पालिकेवर टाकलं आहे. नोटिशीवरून खोली सोडल्याने भाडेकरूचा हक्क बुडत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शहा रतनसी खिमजी प्रकरणात आणखी स्पष्ट सांगितलं की इमारत पाडली गेली एवढ्यावरून भाडेकरार संपत नाही, कारण भाडेकरूचा हक्क खालच्या जमिनीवरही राहतो. ही दोन वाक्यं ठाऊक असती तर कित्येक कुटुंबं वेळेवर बाहेर पडली असती, असं मला मनापासून वाटतं.

मोजणीच्या दिवशी मात्र घरात जाणतं माणूस हजर हवं. पोटमाळा चटईक्षेत्रात धरत नाहीत, त्यावर वाद घालून उपयोग नाही. पण मोरी, आत घेतलेली गॅलरी, मागची पडवी यांची नोंद कशी होते ते पाहावं लागतं, कारण नव्या घराचं क्षेत्रफळ जुन्या खोलीच्या याच आकड्यावर ठरतं. आमच्यातलं एक कुटुंब गावी गेलेलं होतं. त्यांच्या खोलीला कुलूप, त्यामुळे रकाना कोरा राहिला आणि तो भरून घ्यायला त्यांना पुढे फार पायपीट करावी लागली. मोजणीच्या तक्त्यावर आपली सही, तारीख आणि अधिकाऱ्याचा शिक्का घ्यावा, आणि प्रत त्याच दिवशी मागावी. प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा. भाडेपावत्या, मीटरचं बिल, मतदार यादीतलं नाव, सगळं एका फाइलमध्ये हवं.

मालक दुरुस्ती टाळत असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम १४ आहे. लेखी नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत मालकाने काम केलं नाही तर भाडेकरू ते करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना दोनशे रुपये भाडं असेल तर वर्षाचे झाले २४०० आणि वळते होणार ६००. त्यात एका खांबाचंही काम निघत नाही. तरी ती नोटीस पोच मिळेल अशा टपालाने द्यावीच. पुढे कुणी म्हणालं की भाडेकरूंनी कधी तक्रारच केली नाही, तर तिची पोच हे उत्तर असतं.

इमारत नेहमी म्हातारपणानेच पडते असं नाही. २५ जुलै २०१७ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमध्ये सिद्धी साई इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि खांबांना हात लावला गेला होता. २७ सप्टेंबर २०१३ला माझगावच्या डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत पडली, ६१ बळी गेले. ती तर पालिकेचीच मालमत्ता, वर पालिकेचेच कर्मचारी राहत होते, आणि खालच्या गाळ्यात परवानगीशिवाय फेरफार झाले होते. वाकोल्यात रस्त्याला लागून जवळजवळ प्रत्येक इमारतीखाली दुकानं आहेत. भाडेकरू बदलला की शटर अर्धं खाली ओढून रात्री ब्रेकर चालतो. फरशी, रंग, गिलावा बदलायला हरकत नाही. खांब, तुळई किंवा भार घेणारी भिंत फोडायला परवानगी लागते. ब्रेकरचा आवाज खांबाच्या बाजूने येत असेल तर सकाळची वाट पाहू नये. फोटो काढून विभाग कार्यालयात तक्रार द्यावी आणि कलम ३५४-अ खाली काम थांबवण्याची नोटीस मागावी. दुकानदार ओळखीचा असतो, रोजचं दूध त्याच्याकडून येतं, म्हणून लोक गप्प बसतात. मला ते पटत नाही.

सोसायट्यांची अडचण वेगळी. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी जमवायचा असतो. प्रत्यक्षात सर्वसाधारण सभेत हा विषय आला की ‘आता पाडूनच बांधायची आहे, खर्च कशाला’ असं म्हणून पुढे ढकलला जातो. वाकोल्यात हे जास्त धोक्याचं आहे. विमानतळ शेजारी असल्याने इमारतीच्या उंचीवर मर्यादा येते. उंची नाही तर विकायला मजले नाहीत, आणि विकायला मजले नाहीत तर बिल्डरला रस नाही. २०३४च्या विकास नियमावलीत उपनगरातल्या भाडेकरूंच्या धोकादायक इमारतींसाठी ३३(७)(अ) ही वेगळी तरतूद आहे, पण नियमाने दिलेलं चटईक्षेत्र उभं करायला वर आकाश मोकळं हवं. पुनर्विकासाची बोलणी अनेक वर्षं चालू शकतात. तेवढ्या काळात टेकू लावणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि गळके पाइप बदलणं थांबवता येत नाही.

आणि ज्यांची इमारत नाही, पण जे तिच्या सावलीत राहतात, त्यांचं काय? शंकरलोकच्या शेजाऱ्यांना जे भोगावं लागलं ते पाहता हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. शेजारच्या इमारतीचा सज्जा लोंबतोय, भिंत कलली आहे, तर तक्रार करायला तुम्ही त्या इमारतीचे रहिवासी असायची गरज नाही. पालिकेखेरीज दुसरा रस्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२चा. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १३३ होतं. पडायला आलेली इमारत किंवा झाड शेजाऱ्यांना, वाटसरूंना इजा करण्याची शक्यता असेल तर कार्यकारी दंडाधिकारी ते दुरुस्त करण्याचा, आधार देण्याचा किंवा हटवण्याचा आदेश काढू शकतात. अर्जाबरोबर तारखेचे फोटो आणि पालिकेच्या तक्रारीचा क्रमांक जोडावा. दुरुस्ती किंवा पाडकाम करताना निष्काळजीपणा झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९० आहे, ते पोलीस ठाण्यात सांगता येतं.

पावसाळ्यात रात्री काय बघायचं तेही घरातल्या मुलांपर्यंत पोहोचायला हवं. काल सहज लागणारा दरवाजा आज चौकटीत अडकतो. खांबाच्या मुळाशी सकाळी झाडलं तरी दुपारी पुन्हा वाळू पडलेली असते. फरशी एका बाजूला उतरल्यासारखी वाटते, भिंतीतून तडतड ऐकू येते. यातलं काही दिसलं तर शेजारच्या दारांवर थापा मारून सगळ्यांना खाली उतरवावं, इमारतीपासून लांब नेऊन उभं करावं, खालच्या रस्त्यावरची माणसं थांबवावीत आणि १९१६ला फोन लावावा. दागिने, कपाटातले पैसे, भाडेपावत्यांची फाइल यांसाठी कुणालाही वर जाऊ देऊ नये. फाइलची एक प्रत आधीच दुसऱ्या इमारतीतल्या नातेवाइकांकडे आणि एक मोबाइलमध्ये असली, म्हणजे वर जाण्याचं मोठं कारण तिथेच संपतं.