'स्वामी' संपली, आता काय वाचू?

पालकहो,

दिवाळी झाली की आपल्या शेवगाव-पाथर्डीकडे घराघरात कापूस येऊन पडतो. पुढची खोली छताला भिडते आणि त्या ढिगावर लोळत नववीतली एखादी मुलगी रणजित देसाईंची 'स्वामी' वाचत असते. जेवायला हाका मारून आई थकते. मुलगी येते ती पुस्तक घेऊनच, एक हात भाकरीवर आणि एक पानावर. कादंबरी संपते आणि मग मात्र तिला कशातच करमत नाही. धाकट्या भावावर खेकसते. दुसरं पुस्तक उघडते, दोन पानं चाळते, पालथं घालते. विचारलं तर म्हणते, "काही नाही." आई म्हणते, "संपली ना एकदाची? आता अभ्यासाला बस." वडील त्याच्याही पुढे जातात, "एवढंच वाचायचं तर स्पर्धा परीक्षेचं काहीतरी वाच, पुढं उपयोगी पडेल."

तुमची काळजी मला कळते. पण पोरगी नेमकी वाचक व्हायच्या उंबरठ्यावर असते, तेव्हाच ही दोन वाक्यं तिच्या कानावर पडतात. सोळाव्या वर्षी पेशवेपदावर बसलेला, पानिपतात घरची माणसं गमावलेला, काका राघोबादादाशी झगडत राज्य सावरणारा आणि सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेलेला माधवराव ती नुकताच पाहून आली आहे. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला तो गेला आणि रमाबाई सती गेली. हे वाचून उठल्यावर चुकल्याचुकल्यासारखं होणारच. तुमच्यापैकी काहींनी १९८७ साली दूरदर्शनवर रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांची 'स्वामी' पाहिली असेल. मालिका संपल्यावर तुमच्या घरीही काही दिवस दुसरा विषय नव्हता, हे आठवून पाहा. तेव्हा तुम्हाला कुणी सामान्यज्ञानाचं पुस्तक हातात दिलं नव्हतं.

दोन-चार दिवस तिला तशीच राहू द्या. तिला बोलायचं असेल तर ऐका, पण "यातून काय बोध घेतलास?" असं चुकूनही विचारू नका. त्यापेक्षा विचारा, "तुला कुणाचा राग आला?" किंवा "कोणता भाग परत वाचलास?" पुढचं पुस्तक त्या उत्तरातून सापडतं. बहुतेक घरांत ते लेखकाच्या नावावरून निवडलं जातं. 'स्वामी' आवडली ना, मग घे 'श्रीमान योगी', मग 'राधेय'. वाचनालयातल्या कपाटात ही पुस्तकं शेजारी शेजारीच असतात, त्यामुळे तीच हाती येतात. पुस्तकं उत्तमच आहेत. पण पुरणपोळीवर लगेच श्रीखंड वाढलं तर दोष श्रीखंडाचा नसतो. मुलगी शंभर पानांवर अडकते आणि घरात शेरा पडतो, "हिचा वाचनाचा उत्साह चार दिवसांचाच."

समजा, ती म्हणाली की राघोबादादाचा राग आला. मग तिला घेऊन गेवराईच्या बाजूला जा. आपल्या शेजारच्या तालुक्यात, गोदावरीच्या काठावर राक्षसभुवन आहे. शनी अमावास्येला आपल्यातली कितीतरी माणसं तिथे दर्शनाला जातात, तेल वाहतात आणि परत येतात. त्याच परिसरात १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. निजाम काही फौज घेऊन पलीकडच्या काठाला गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे राहिला होता आणि मध्ये पावसाळ्यातली गोदावरी. विठ्ठल सुंदर पडला. पण मुलीला सांगण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. आदल्या वर्षी ज्या राघोबादादांनी निजामाची मदत घेऊन पुतण्याला आळेगावला नमवलं होतं, तेच दादा इथे निजामाच्या लोकांच्या गराड्यात सापडले आणि त्यांना सोडवायला धावला तो माधवरावच. हे नदीकाठी उभं राहून सांगा. "मग त्याने काकाला का सोडवलं?" हा प्रश्न तिच्या डोक्यात आला की पुढचं वाचन सुरू झालंच म्हणून समजा.

अशा प्रश्नावर लगेच गो. स. सरदेसाईंच्या 'मराठी रियासती'चे जाडजूड खंड आणू नका. ते आहेतच, कुठे जात नाहीत. त्याआधी नाना फडणीसांनी स्वतः लिहिलेलं छोटंसं आत्मवृत्त मिळतं का बघा. काही पानांचंच आहे. पानिपताच्या वेळी नाना अठरा-एकोणीस वर्षांचे होते, तिथून जीव वाचवून कसे निसटले ते त्यांनी सांगितलं आहे. त्यांची आई त्या धामधुमीत कायमची दुरावली. कादंबरीतले नाना वाचल्यावर स्वतः नानांचंच बोलणं ऐकायचं, हा अनुभव वेगळाच असतो. भाषा जुनी आहे, मुलीला एकटीला जड जाईल. रोज रात्री एक पान तुम्ही मोठ्याने वाचा. अडाल तिथे दोघंही अडा.

पण माझा अनुभव असा की मुलींना राघोबापेक्षा रमा जास्त छळते. "ती सती का गेली? तिला कुणी अडवलं नाही?" अष्टविनायकाच्या फेरीत थेऊरला रमाबाईंचं वृंदावन पाहिलेल्या मुलीला तर हा प्रश्न सोडतच नाही. इथे पालक गडबडतात. कुणी विषय बदलतं, कुणी पातिव्रत्याचं कौतुक करतं. मी या मुलींच्या हातात लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' देते. वरवर पाहता दोन्ही पुस्तकांचा काही संबंध नाही. एक पेशवाईतली कादंबरी, दुसरं १९३४ पासून भागाभागाने आलेलं एका बाईचं आत्मचरित्र. पण रमाबाईची गोष्ट दुसऱ्याने सांगितली, लक्ष्मीबाईंनी आपली स्वतः सांगितली. शाळेत कधी न गेलेली, लहानपणीच लग्न झालेली, नवऱ्याने धर्म बदलल्यावर काही वर्षं त्याच्यापासून दूर राहिलेली आणि पुढे त्याच्याबरोबर राहुरीत, नगरला संसार केलेली ही बाई. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली म्हणायला हरकत नाही. नवरा मोठा कवी, पण लहरी असा की घरात पैसा टिकायचा नाही. लक्ष्मीबाई ते सगळं हसत सांगतात आणि हसता हसता नवऱ्याला चांगलं सुनावतातही. वडिलांच्या सोवळ्याच्या कहराची सुरुवातीची पानं तर मोठ्याने वाचायचीच आहेत. नवऱ्यामागे जगणारी, लिहिणारी आणि आपलं म्हणणं मांडणारी बाई मुलीला भेटली की रमाचं दुःख कमी होतं असं नाही, पण त्याला शेजार मिळतो.

मुलांचं थोडं निराळं. २०२५ मध्ये 'छावा' सिनेमा आला आणि एरवी पुस्तकाला हात न लावणारी पोरं शिवाजी सावंतांची कादंबरी मागायला लागली. ती वाचून मुलगा उठतो तो मुठी आवळून. त्या रागाला मोबाइलवरच्या आरडाओरड्याकडे वळायला वेळ लागत नाही. त्याआधी त्याला श्रीगोंद्याकडच्या पेडगावला न्या. भीमेकाठचा बहादूरगड, आता धर्मवीरगड म्हणतात तो. पकडलेल्या संभाजीराजांना औरंगजेबासमोर आणलं गेलं ते इथे. पडक्या भिंतींमधून हिंडून झालं की हळूच सांगा, जुन्या बखरींनी याच राजाला व्यसनी आणि बेजबाबदार ठरवलं होतं, आणि वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षं कागदपत्रं धुंडाळून १९६० साली चरित्र काढलं तेव्हा ते चित्र बदलू लागलं. "मग बखरकार खोटं का लिहितील?" असं त्याने विचारलं की राग कामाला लागला. बेंद्रे अख्खे वाचायची गरज नाही, कमल गोखले यांचं 'शिवपुत्र संभाजी' चाळलं तरी पुष्कळ.

'मृत्युंजय' वाचणाऱ्यांसाठी तर सोय आधीच करून ठेवली आहे. १९६७ मध्ये सावंतांची ती कादंबरी आली आणि त्याच वर्षी इरावती कर्वे यांचं 'युगान्त' आलं. सावंतांच्या कर्णावर जीव जडलेल्या मुलाला इरावतीबाईंचा 'कर्ण' हा लेख देताना जरा जपून द्या, कारण बाई कुणाचेही लाड करत नाहीत. मुलगा चिडेल, वाद घालेल. घालू द्या. लेख छोटा आहे, एका बैठकीत संपतो, आणि आवडत्या पुस्तकाच्या बाजूने भांडायला मिळणं हीसुद्धा एक मेजवानीच.

काही मुलांना मात्र यातलं काहीच नको असतं. डोकं भरलेलं असतं, नवीन माणसं ओळखून घ्यायची ताकद नसते. त्यांना व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' द्या. एक माणूस, थोडी पानं, संपलं. दुष्काळी मुलूख आपल्याकडच्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही. कुणी 'फास्टर फेणे' मागितला तर "एवढी घोडी झालीस आणि बाळबोध वाचतेस" म्हणू नका. कुणी पुन्हा 'स्वामी'च मागितली तर वाचनालयात जाऊन मुदत वाढवून आणा, दुसऱ्यांदा वाचताना ती रमेऐवजी माधवरावाच्या आईकडे, गोपिकाबाईंकडे बघेल कदाचित.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. वाचनालयाच्या वर्गणीत एका वेळी एक नाहीतर दोनच पुस्तकं मिळतात, म्हणून आपल्याला वाटतं की आणलं ते संपवलंच पाहिजे. तसं काही नाही. तरी 'स्मृतिचित्रे' मुलीने विसाव्या पानावर ठेवून दिलं तर दुसऱ्याच दिवशी परत करायची घाई करू नका. टीव्हीशेजारी पडू द्या. घरातलं दुसरं कुणीतरी ते उचलतं, बहुधा आजी, आणि मग मुलीलाच "आजी, तुझं झालं का?" म्हणत मागे लागावं लागतं.