आवळा, साखर आणि गूळ : बरणीतले गणित



दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडते, गुऱ्हाळांची चुलवाणं पेटतात आणि त्याच सुमारास बाजारात आवळा येतो. कार्तिक शुद्ध नवमीला आपण आवळीची पूजा करतो, तुळशीच्या लग्नात ऊस आणि आवळा शेजारी शेजारी मांडतो. पुढे संक्रांतीपर्यंत आवळ्याचा हंगाम चालतो. म्हणजे आवळा, ताजा गूळ व नवी साखर ही तिन्ही एकाच वेळी आपल्या घरात असतात.

असे असूनही बांधावरच्या झाडाखाली आवळ्याचा सडा पडून कुजतो. काही घरांतून मोरावळा होतो, पण मृगाचा पाऊस पडला की बरणीला बुरशी धरते. दोन-तीन किलो साखर आणि घरच्या बाईचे दोन दिवसांचे कष्ट उकिरड्यावर जातात. हे नुकसान टाळता येते. त्यासाठी पदार्थ कशामुळे टिकतो, एवढे समजून घ्यावे लागेल.

पदार्थ टिकतो कशाने?

"साखर घातली की टिकतंय," असे आपल्याकडे म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. थोडी साखर म्हणजे बुरशीला खाद्यच. साखर भरपूर झाली तरच ती बुरशीला मारक ठरते.

हे आपण शेतात पाहतोच. क्षारपड जमिनीत पाणी असूनही ऊस वाळतो. युरिया बुडख्याशी ढिगाने पडला तर मुळी करपते. बाहेरचे पाणी क्षाराने दाट झाले की मुळीला ते ओढून घेता येत नाही, उलट मुळीतलेच पाणी बाहेर खेचले जाते. दाट पाकात बुरशीची हीच गत होते. लोणच्यात हेच काम मीठ करते.

पाक किती दाट हवा? पक्व उसाच्या रसाचा ब्रिक्स १८ ते २२ असतो. मोरावळ्याच्या पाकाचा ब्रिक्स ६८ ते ७० झाला पाहिजे. ऊस तपासणीचा आपला हातातला ब्रिक्समापक बहुधा ३२ पर्यंतच दाखवतो, तो इथे चालणार नाही. त्याऐवजी वजनकाटा वापरा. रीत खाली दिली आहे.

साखरेचा मोरावळा

साहित्य : डाग नसलेले पक्व आवळे १ किलो, साखर सव्वा किलो, वेलदोडे, चार लवंगा.

१) आवळे धुऊन वाफवावेत. पाकळ्या सुटू लागल्या की उतरवून बिया काढाव्यात.

२) पाकळ्यांवर निम्मी साखर पसरून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळपर्यंत पाणी सुटते. हा पातळ पाक पाच-सात मिनिटे उकळावा. पाकळ्या एकदम दाट पाकात टाकल्या तर त्यांतले पाणी झपाट्याने बाहेर येते, त्या सुरकुततात व चिवट होतात.

३) दुसऱ्या दिवशी उरलेली साखर घालून मंद आचेवर शिजवावे. पाक दोनतारी झाला की भांड्यासह वजन करावे व भांड्याचे वजन वजा करावे. या प्रमाणात तयार मोरावळा सुमारे २ किलो भरावा. सव्वादोन किलो भरला तर पाणी जास्त आहे, आणखी आटवा.

४) वेलदोडे-लवंगांची पूड घालून पूर्ण गार झाल्यावर कोरड्या बरणीत भरावा. ओला चमचा घालू नये.

येथे एक गंमत ध्यानात घ्या. कारखान्यात रस आंबट राहिला तर साखर फुटते, दाणा बसत नाही व उतारा घटतो. म्हणून आपण रसाला चुन्याची निवळी देतो. मोरावळ्यात आवळ्याचा आंबटपणा हेच काम करतो, पण तिथे ते आपल्या फायद्याचे असते. थोडी साखर फुटल्यामुळे पाक साखरत नाही.

गुळाचा मोरावळा

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली. तेव्हापासून कोल्हापुरी गुळाचे नाव दूरवर गेले, आणि २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तो गूळ घरच्या मोरावळ्यात वापरायला हरकत नाही. मात्र गुळात ओल असते, म्हणून १ किलो आवळ्यास दीड किलो गूळ घ्यावा. थोड्या पाण्यात विरघळवून फडक्याने गाळावा, म्हणजे चिपाडाची कुसे निघतात. मग वरच्याच रीतीने करावे, पण पाक थोडा अधिक आटवावा. रंग काळपट येतो, चव खमंग लागते. पावसाळ्यात गूळ ओल धरतो, म्हणून बरणीचे तोंड घट्ट बांधावे.

तिखटाचे प्रकार

लोणचे : १ किलो आवळे वाफवून फोडी कराव्यात व पुसून कोरड्या कराव्यात. मीठ १५० ग्रॅम, तिखट व मोहरीची डाळ प्रत्येकी १०० ग्रॅम, थोडी मेथीपूड, हळद व हिंग कालवावे. पाव किलो तेलाची फोडणी गार करून ओतावी. तेल फोडींच्या वर आले पाहिजे, कमी पडल्यास आणखी घालावे. मीठ कमी केले तर लोणचे बिघडते.

ठेचा : पाच-सहा कच्चे आवळे, हिरव्या मिरच्या, लसूण, कोथिंबीर, भाजलेले शेंगदाणे व मीठ खलबत्त्यात कुटावे. भाकरीबरोबर उत्तम. मात्र हा दोन दिवसांत संपवावा.

सुपारी : आवळे किसून मीठ, आल्याचा रस व ओवा लावून कडक उन्हात खडखडीत वाळवावेत.

मधुमेह असलेल्या मंडळींनी मोरावळ्याच्या वाटेला जाऊ नये, त्यांच्यासाठी ठेचा व सुपारी आहे. रक्तदाब असलेल्यांनी लोणचे बेतानेच खावे.

भांडे कोणते?

लोखंडाच्या कढईत आवळा काळा पडतो. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे व ॲल्युमिनियमही टाळावे, आंबटाने धातू पदार्थात उतरतो. स्टीलचे पातेले सर्वांत सोयीचे.

बांधावर दोन झाडे

ज्यांच्याकडे झाड नाही त्यांनी पाणी न साचणाऱ्या बांधावर आवळ्याची दोन कलमे लावावीत. एक 'कृष्णा' किंवा 'कांचन' आणि दुसरे 'नरेंद्र-७' असे वेगवेगळ्या जातींचे घ्यावे, म्हणजे परागसिंचन होऊन फळधारणा चांगली होते.

महिला बचत गटांनी विक्रीसाठी माल करायचा असल्यास २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी आवश्यक आहे.

यंदा प्रत्येक सभासदाच्या घरी निदान एक बरणी काट्यावर वजन करून भरावी, आणि ती पुढच्या मोळीपर्यंत टिकते का ते पाहावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी