टाकीला आधी विचार, काय वाहत होतीस

दिवाळीनंतर नातू एक लोखंडी टाकी छोट्या हत्तीत घालून दारात घेऊन आला. "आबा, हिचा स्मोकर करून द्या. मांजरसुंब्याच्या रस्त्याला धुरावरच्या मटणाचा गाडा टाकतो." टाकी मी लांबूनच ओळखली. टोपणाचा टाका माझ्या हातचा होता. २०१३ च्या उन्हाळ्यात आपल्या बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं टँकरवर जगत होती, तेव्हा बैलगाडीवर बसतील अशा टाक्या आम्ही रात्र रात्र जागून जोडल्या होत्या. हातचं काम समोर आलं की माणूस हळवा होतो. तरी मी त्याला विचारलं, "पाऊस पडल्यावर ही कुणाकडे होती?" त्याने फोन लावला. मोसंबीच्या बागेत होती. चार वर्षं तिच्यात फवारणीचं औषध कालवत होते.

टाकी परत पाठवली. पोराचं तोंड उतरलं. मग ओट्यावर बसवून त्याला जे सांगितलं, ते चाळीस वर्षं वेल्डिंगच्या धुरात उभं राहून शिकलो होतो. तुमच्यापैकी कुणाला असं काही करायचं असेल, तर तुमच्याही कानी पडावं म्हणून लिहितो.

पहिला कानमंत्र : पत्र्याच्या आधी पूर्वइतिहास बघ

भंगारवाला वजन सांगेल, गेज सांगेल, भाव सांगेल. टाकीत काय होतं ते तूच खोदून विचार. औषधाची, रंगाची, केमिकलची टाकी किंवा टिपाड फुकट मिळालं तरी नको. ते कितीही धुतलं तरी लोखंडाच्या बारीक खड्ड्यांत आणि जोडाच्या फटीत उरायचं ते उरतंच, आणि तापल्यावर बाहेर येतं.

डिझेल-पेट्रोलच्या टिपाडाला तर कटर लावूच नको. रिकामं टिपाड भरलेल्यापेक्षा जास्त घातकी असतं. भरलेल्यात वाफेला जागा नसते, रिकाम्यात तेलाची वाफ आणि हवा मिसळून बसलेली असते, आणि ग्राइंडरची एक ठिणगी तिला पुरते. मी ज्या दुकानात शिकलो तिथे माझ्यासोबतच्या पोराने असंच एक टिपाड कापायला घेतलं होतं. झाकण उडालं. पोरगा वाचला, पण त्याची छाती आणि हात जन्मभराचे भाजले. त्या दिवसापासून मी झाकण उघडून वास घेतल्याशिवाय आणि पाण्याचीच टाकी असली तरी सगळी तोंडं उघडी केल्याशिवाय कापायला बसलो नाही. वास आला तर हातच लावला नाही.

घरगुती गॅसची १४.२ किलोची टाकी कापून भट्टी करतात असं तू कुठे पाहिलं असशील. ते करू नको. ती टाकी तुझी नसते, गॅस कंपनीची असते, आणि आत गॅस उरलेला असेल तर काय होतं ते वर सांगितलंच.

दुसरा : जस्ताची चकाकी भुलवते

पांढरी चकचकीत, फुलाफुलांची नक्षी दिसणारी टाकी म्हणजे जस्त चढवलेला पत्रा. पाण्याला तो उत्तम, पण विस्तवाला नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. वेल्डिंगचा ठिपका त्याहून कितीतरी जास्त तापतो, म्हणून पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी हिवताप भरावा तशी थंडी वाजून ताप चढतो. दुकानातली माणसं दूध पितात आणि बरं वाटल्याचं सांगतात. दुधाने धूर छातीत जायचा थांबत नाही, तो मास्कने आणि मोकळ्या हवेने थांबतो. विस्तवाच्या पेटीला आणि अन्नाच्या जाळीला तर जस्ताचा पत्रा कधीच लावू नको.

तुला हवा तो साधा काळा पत्रा, तीन मिलिमीटर तरी जाडीचा. दोनशे लिटरचं टिपाड शिकायला ठीक आहे, पण त्याचा पत्रा एक-सव्वा मिलिमीटरचा. वाऱ्याची झुळूक आली की ते गार पडतं, लाकूड टाकलं की भडकतं. जाड पत्रा ऊब धरून ठेवतो. पातळ तव्यावरची आणि जाड तव्यावरची भाकरी आठव.

तिसरा : बंब आठव

तुझ्या आजीच्या घरचा तांब्याचा बंब तू पाहिलास ना? खाली विस्तव, मधून वर गेलेली नळी, भोवती पाणी. खालून हवा शिरते, तापते, हलकी होते, नळीतून वर जाते आणि जाताना खालची नवी हवा ओढून घेते. स्मोकरचं सगळं शास्त्र एवढंच आहे. फरक इतकाच, की बंबाची नळी उभी, आणि इथे धुराला आडवं चालवायचं.

टाकी आडवी ठेव. एका टोकाला, थोडी खाली, विस्तवाची पेटी जोड. दुसऱ्या टोकाला धुराडं. मधल्या टाकीत जाळीवर अन्न. दोन फूट व्यासाची, तीन फूट लांबीची टाकी असेल तर आत साधारण २६५ लिटर जागा होते. पेटी तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी घे. म्हणजे दीड फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. पेटी लहान केलीस तर दर दहा मिनिटांनी लाकूड घालत बसशील. पेटीचा पत्रा टाकीहून जाड, पाच-सहा मिलिमीटरचा असू दे, कारण आच तिलाच सोसायची आहे.

धुराडं चार इंची पाइपचं, अडीच-तीन फुटांचं पुरे. ते टाकीच्या अगदी माथ्यातून काढू नको. आतलं तोंड जाळीच्या पातळीला आण. नाहीतर धूर अन्नाच्या डोक्यावरून निघून जातो आणि अन्न कोरडं राहतं.

चौथा : दार कापायची घाई नको

इथे शिकाऊ पोरं हमखास फसतात. गोल टाकीचा पत्रा ताणात असतो. चारही बाजू एकदम कापल्या की तुकडा उसळतो, त्याची गोलाई बदलते, आणि तेच दार त्याच जागी पुन्हा बसत नाही.

आधी खडूने दार आखून घे. बिजागरीच्या बाजूची एकच रेघ काप. बिजागऱ्या तिथेच जोडून टाक. मग उरलेल्या तीन बाजू काप, आणि दार बंद असतानाच फट झाकेल अशी चपटी पट्टी गोलाईत वाकवून बाहेरून दाराच्या त्या तीन कडांना जोड. दार जागच्या जागी उघडेल, आणि पट्टीमुळे धूरही गळणार नाही.

वेल्डिंग एका दमात ओढू नको. पातळ पत्र्याला २.५ मिलिमीटरचा रॉड घे, इंचभर टाका मार, समोरच्या बाजूला जा, पुन्हा इकडे ये. एकाच जागी आच साठली की पत्रा पिळवटतो. टाका झाला की मळी झाडून बघ. सुईएवढं भोक राहिलं तरी रात्री आत बॅटरी लावल्यावर बाहेर उजेड दिसतो. उजेड दिसला की बुजव.

टाकीला किंचित उतार दे आणि खालच्या टोकाला अर्धा इंची नळी काढ. चरबी तिथून डब्यात पडेल. चरबी आत साचली तर कधी ना कधी पेट घेते.

पाचवा : आधी तवा कर, मग स्वयंपाक

नवा लोखंडी तवा आणला की आपण घासतो, तापवतो, तेल पाजतो. टाकीलाही तेच. जुना रंग आणि गंज ग्राइंडरने खरवडून काढ. रिकाम्या टाकीत तीन-चार तास मोठा जाळ कर, उरलंसुरलं जळून जाऊ दे. गार झाल्यावर कापडाने पूस, करडईच्या तेलाचा पातळ हात फिरव आणि पुन्हा तापव. असं तीनदा. करडईचं तेल तापल्यावर सुकून कडक पापुद्रा धरतं, तोच गंजाला आडवा येतो. आतून रंग कधीच लावायचा नाही.

सहावा : विस्तव नव्हे, वारा सांभाळ

हा खरा कानमंत्र. बाकी सगळं लोहार-वेल्डरकडून करून घेता येतं, हे स्वतःच शिकावं लागतं.

हुरड्याच्या आगटीजवळ बसणारा जाणता माणूस पाहिलास का? तो जाळ करत नाही. गोवऱ्यांचा आर धरतो, कणसं आत खुपसतो, आणि राख कुठे उकरायची, कुठे दाबायची एवढंच बघतो. गुळभेंडीचं कणीस भाजलं पाहिजे, करपलं नाही पाहिजे. तुझ्या पेटीलाही खाली हवेची झडप हवी, आणि आच कमी-जास्त करायची ती त्या झडपेने. धुराडं मात्र उघडंच ठेव. ते दाबलंस की धूर कोंडतो, आणि कोंडलेला धूर अन्नावर डांबरासारखा बसतो.

धुराकडे बघायला शीक. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडतेय. तो कडवट असतो. धुराड्यावर नजर ठेवल्यावर जेमतेम जाणवेल असा पातळ निळसर धूर आला की अन्न आत ठेव. त्याच्या आधी नाही.

आतली ऊब ११० ते १२० अंश राहू दे. घड्याळी थर्मामीटर दाराच्या वर नको, जाळीच्या उंचीला लाव. वर आणि जाळीजवळ बराच फरक असतो, आणि अन्न जाळीवर आहे.

सातवा : लाकूड ओळख

बाभूळ आपल्याकडे मुबलक. तिचा आर जड आणि टिकाऊ. आंबा, बोर, चिंच चालतात. सहा महिने सुकलेलं, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजेल असं लाकूड घे. तुराट्या पेटवणाला छान, पण त्यांच्यावर स्वयंपाक होत नाही, भुर्रकन जळून जातात. पऱ्हाट्या नको, कापसावर काय काय फवारलेलं असतं ते तुला माहीत आहे. कण्हेर विषारी, तिची काडी मांस ओवायलासुद्धा वापरायची नाही. रुई आणि घाणेरी नको. कडुनिंब मी घालत नाही. जुन्या दाराखिडक्यांचं रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, पॅकिंगच्या फळ्या हे तर विषच.

आठवा : मांस घाईला दाद देत नाही

नेकनूरच्या बाजारातून उस्मानाबादी बोकड आणलास तर त्याची मांडी चरबीने फार भरलेली नसते. म्हणून टाकीत पेटीच्या बाजूला पाण्याचं पातेलं ठेव. हवा ओलसर राहते, मांस सुकत नाही. मीठ, लसूण, आलं, थोडा काळा मसाला रात्रीच चोळून ठेव. दोन किलोच्या मांडीला पाच-सहा तास लागतात. आतली ऊब नव्वदच्या वर गेली की चिवट शिरा विरघळून चिकासारख्या होतात, तेव्हाच हाड सुटतं. घाईने आच वाढवलीस तर बाहेरून काळं, आतून रबर. कोंबडीला एवढं लागत नाही, पण मांडीच्या हाडाजवळ ७४ अंश झाल्याशिवाय काढू नको. काढल्यावर अर्धा तास झाकून ठेव, मग काप. शिजलेलं मांस कोमट अवस्थेत तासन् तास ठेवून विकायचं नाही. गरम ठेव, नाहीतर बर्फात ठेव.

आपल्या जिल्ह्यात घराघरांत माळकरी आहेत. त्यांच्यासाठी वांगी, कणसं, पनीर, ढोबळी मिरची करशील, तर वेगळी टाकीच कर. जाळी बदलून भागत नाही, पत्र्याला चरबीचा वास असतो. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याने निर्धास्त जेवावं, ही जबाबदारी तुझी.

नववा : उघड्यावरच

पत्र्याच्या शेडमध्ये, पावसातसुद्धा, स्मोकर पेटवायचा नाही. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही. कडब्याच्या गंजीपासून, उसाच्या फडापासून लांब जागा बघ. वाळूची बादली जवळ असू दे.

शेवटचा

हे सगळं ऐकल्यावर नातू म्हणाला, "आबा, आपण भंगारातून करतोय, लोक हसतील." त्याला मी एक गोष्ट सांगितली. १९५२ साली अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे पाण्यात तरंगत ठेवायचे लोखंडी बोये बनत. वाऱ्यामुळे आपली शेगडी नीट पेटत नाही म्हणून त्याने बोयाचा अर्धा गोल खाली घेतला, अर्धा झाकणाला घेतला, पाय जोडले, वर हवेला भोकं पाडली. वेबर नावाची जगभर गेलेली शेगडी त्यातून झाली. त्यानेही वाराच सांभाळला.

पंधरा दिवसांनी पोराने दुसरी टाकी शोधून आणली. तिने आयुष्यभर पाणीच वाहिलं होतं. मालकाला भेटून, दोन शेजाऱ्यांना विचारून आला होता. कापायला मी बसलो नाही, त्यालाच बसवलं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात, कुणी दिलं, कधी दिलं, कशानिमित्त दिलं. काम झाल्यावर त्याच्या हातात रॉड दिला आणि पेटीच्या दारावर वेल्डिंगच्या टाक्याने लिहायला लावलं. अक्षरं वेडीवाकडी आली, पण वाचता येतात : "हिच्यात फक्त पाणी होतं." उद्या ही टाकी कुणाच्याही हाती गेली, तरी तिला विचारायची वेळ येणार नाही.